कवळीची न दिसणारी बाजू

गेलेल्या दातांच्या जागी बसवलेली आणि वापरणाऱ्याला स्वतःच्या हाताने काढता-घालता येणारी कृत्रिम दातांची रचना म्हणजे कवळी. जबड्यात एकही नैसर्गिक दात उरलेला नसेल तर संपूर्ण कवळी बसवली जाते आणि काही दात शिल्लक असतील तर त्यांच्या आधाराने उभी राहणारी अंशतः कवळी दिली जाते. दोन्ही प्रकारांना दोन बाजू असतात. एक बाजू हसताना, बोलताना आणि आरशात दिसते. दुसरी हिरडीला व टाळूला टेकलेली असते आणि कवळी काढून उलटी धरल्याशिवाय नजरेस पडत नाही. घरी घेतली जाणारी बहुतेक काळजी पहिल्या बाजूवर खर्च होते, तर तोंडाच्या बहुतेक तक्रारी दुसऱ्या बाजूपासून सुरू होतात. कवळीच्या देखभालीविषयी सांगितल्या जाणाऱ्या नियमांची संगती लावायची असेल, तर ही आतली बाजू कशाची बनलेली असते आणि तिच्यावर काय घडत असते, हे आधी समजून घ्यावे लागते.

आजच्या बहुतेक कवळ्यांची बैठक, म्हणजे हिरडीवर टेकणारा आणि कृत्रिम दातांना धरून ठेवणारा गुलाबी भाग, पॉलीमिथिल मेथाक्रिलेट या प्लास्टिकची असते. दंतवैद्यकाच्या व्यवहारात त्याला ॲक्रिलिक एवढेच म्हणतात. पारंपरिक पद्धतीत त्याची पावडर आणि द्रव एकत्र कालवून झालेला लगदा साच्यात दाबला जातो व उष्णता देऊन घट्ट केला जातो. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे द्रव्य कवळ्यांसाठी वापरात आले आणि त्याने व्हल्कनाइटला, म्हणजे गंधकाबरोबर तापवून कडक केलेल्या रबराला, हळूहळू बाजूला सारले. व्हल्कनाइटला हिरडीचा नैसर्गिक रंग देता येत नसे आणि काही काळ वापरल्यावर त्याला अन्नाचा व लाळेचा वास धरत असे. ॲक्रिलिक हलके असते, हिरडीच्या रंगाचे करता येते आणि मोडले तर जोडताही येते, म्हणून अजूनही तेच मुख्य द्रव्य आहे. मात्र त्याचे काही स्वभाव घरातल्या माणसांना ठाऊक नसतात आणि तिथेच नुकसान होते.

त्यांपैकी पहिला स्वभाव पाण्याशी संबंधित आहे. दिसायला काचेसारखे गुळगुळीत असले, तरी ॲक्रिलिक पाणी शोषून घेते. ओल्या तोंडात काही आठवडे राहिल्यावर ते वजनाच्या दीड-दोन टक्क्यांपर्यंत पाणी धारण करते आणि त्या प्रमाणात किंचित फुगते. कवळी तोंडात नीट बसते ती या फुगलेल्या, पाणी मुरलेल्या अवस्थेत. तीच कवळी रात्रभर कोरड्या डबीत, रुमालात गुंडाळून किंवा कपाटाच्या फळीवर ठेवली तर ती वाळते, आकसते आणि वारंवार असे होत राहिले तर तिचा आकार हलकासा बिघडतो. तोंडाबाहेर असलेली कवळी पाण्यात ठेवावी, या नियमामागे स्वच्छतेइतकेच हेही कारण आहे.

दुसरा स्वभाव उष्णतेचा. साच्यात घट्ट होताना ॲक्रिलिकमध्ये काही ताण अडकून राहतात आणि पुरेशी उष्णता मिळाली की ते मोकळे होऊन बैठक वेडीवाकडी होते. भांडी, बाटल्या आणि फडकी उकळून निर्जंतुक करण्याची सवय असलेल्या घरांत कवळीही उकळत्या पाण्यात टाकली जाते, आणि एवढ्या एकाच प्रसंगात ती कायमची निकामी होऊ शकते. बिघाड डोळ्यांना दिसतही नाही, कारण तो मिलिमीटरच्या अंशात असतो. कवळी तोंडात घातल्यावर मात्र ती डुगडुगते किंवा एका जागी टोचते. धुण्यासाठी थंड किंवा कोमट पाणीच वापरावे.

तिसरा स्वभाव मऊपणाचा. नूप या कठीणता मोजण्याच्या पद्धतीत दातावरील इनॅमल या कडक कवचाचा आकडा सुमारे ३४० येतो, तर ॲक्रिलिकचा सुमारे २०. इनॅमलसाठी बनवलेल्या टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खरखरीत कण असतात. ते नैसर्गिक दाताला फारसे लागत नाहीत, पण ॲक्रिलिकवर त्यांचे ओरखडे उठतात. दंतमंजन, कोळशाची पूड, राख आणि मीठ यांची गत तर याहूनही वाईट. घासल्यावर कवळी त्या दिवशी लखलखते, आणि त्याच घासण्याने पडलेल्या ओरखड्यांत दुसऱ्या दिवसापासून जंतू व डाग अधिक घट्ट रुतून बसतात. अधिक जोराने घासणारा माणूस अधिक स्वच्छता राखतो, ही समजूत कवळीच्या बाबतीत पूर्णपणे चुकीची आहे.

आकारातला एवढासा फरक इतका महत्त्वाचा का ठरतो, हे कवळी तोंडात कशाच्या जोरावर टिकते यावरून कळते. संपूर्ण कवळीला स्क्रू नसतो, तारही नसते. बैठक आणि हिरडी यांच्यामध्ये लाळेचा एक अतिशय पातळ थर असतो आणि दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की त्या सहज सुटत नाहीत, त्याच न्यायाने हा थर कवळीला हिरडीशी धरून ठेवतो. वरच्या कवळीच्या कडा गालाच्या व टाळूच्या मऊ त्वचेशी सलग टेकलेल्या असल्या तर बाहेरची हवा आत शिरत नाही, आणि कवळी खाली ओढली गेली की आतला दाब कमी होऊन ती पुन्हा वर खेचली जाते. खालच्या कवळीला हे सुख नसते. जिभेसाठी जागा सोडावी लागत असल्याने तिचे क्षेत्रफळ कमी असते आणि जीभ तिला सतत हलवत असते, म्हणूनच ‘वरची छान बसते, खालची त्रास देते’ ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. लाळ कमी असेल तर दोन्ही सैल वाटतात. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी अशा विकारांवरील अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते, आणि अशा वेळी दोष कवळीचा नसून औषधाचा असू शकतो, हे दंतवैद्याला सांगण्यासाठी औषधांची यादी सोबत नेणे उपयोगी पडते.

आता या आतल्या बाजूवर काय साठते ते पाहू. कवळी तोंडात गेल्यापासून काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक अदृश्य थर तिच्यावर बसतो. त्या थराला जिवाणू चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. सूक्ष्मजीवांच्या अशा आवरणबद्ध वसाहतीला जैवपटल म्हणतात. कवळीला बोट लावले असता जाणवणारा बुळबुळीतपणा हेच ते जैवपटल. नुसते पाण्याखाली धरून खळखळवले तर ते जात नाही, कारण आवरण पाण्याला दाद देत नाही. या वसाहतीत कॅन्डिडा अल्बिकन्स नावाची बुरशीही असते. ती अनेक निरोगी माणसांच्या तोंडात काहीही उपद्रव न करता राहत असते, पण वरच्या कवळीखाली तिला उबदार, दमट आणि लाळेच्या प्रवाहापासून दूर असलेली जागा मिळते आणि ती तिथे फोफावते. कवळीखालच्या त्वचेचा यातून होणारा दाह दंतवैद्यकात डेंचर स्टोमॅटायटिस या नावाने ओळखला जातो. १९६२ साली न्यूटन यांनी त्याच्या तीन पायऱ्या वर्णन केल्या, त्या आजही वापरल्या जातात: आरंभी टाळूवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, पुढे कवळीने झाकलेला सगळा भाग लालबुंद होतो, आणि शेवटी त्या जागी दाणेदार उंचवटे येतात.

हा विकार किती जणांना होतो याचे आकडे निरनिराळ्या पाहण्यांत कवळी वापरणाऱ्यांच्या सुमारे १५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांच्या वरपर्यंत गेलेले आहेत. एवढा सर्रास असूनही तो घरी लक्षात येत नाही, कारण बहुतेकांना त्याचे दुखणे जाणवतच नाही. कवळी काढून उजेडात, आरशासमोर तोंड उघडून टाळू पाहिला आणि कवळीच्या आकाराचा लाल पट्टा स्पष्ट दिसला, तर तो निदानाला पुरेसा इशारा असतो. तोंडाचे दोन्ही कोपरे वारंवार चिरणे हीसुद्धा याच बुरशीची खूण असू शकते. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना आणि दम्यासाठी स्टिरॉइडचा फवारा घेणाऱ्यांना धोका अधिक. फवारा घेतल्यावर कवळी काढून चूळ भरण्याची सवय त्यांनी लावून घ्यावी. उपचारात एक चूक हमखास घडते. बुरशीनाशक मलम किंवा थेंब तोंडात वापरले जातात, टाळू बरा होतो, आणि तीच न निर्जंतुक केलेली कवळी पुन्हा घातल्यावर आठवड्या-पंधरवड्यात विकार परततो. तोंड आणि कवळी या दोहोंवर एकाच वेळी उपचार झाला तरच तो टिकतो.

रोजच्या सफाईची रीत यातूनच ठरते. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि दिवसातून निदान एकदा, शक्यतो रात्री, ती ब्रशने सगळ्या बाजूंनी घासावी. धुण्यापूर्वी बेसिनमध्ये थोडे पाणी भरून ठेवावे किंवा तळाशी दुमडलेला टॉवेल अंथरावा, कारण ओली, बुळबुळीत कवळी हातातून निसटणे फार सोपे असते आणि पोर्सेलीनच्या भांड्यावर किंवा फरशीवर आपटली की तिचे तुकडे होतात. खालची कवळी मुठीत आवळून धरू नये. दोन टोकांवर दाब आला की ती मधोमध तडकते. घासण्यासाठी कवळीचा खास ब्रश मिळतो, ज्याच्या एका बाजूचे केस रुंद पट्ट्यात आणि दुसऱ्या बाजूचे खोलगट भागात शिरतील अशा झुपक्यात असतात. तो नसेल तर मऊ केसांचा टूथब्रश चालतो, मात्र तो कवळीपुरताच वेगळा ठेवावा. ब्रशबरोबर सौम्य हात धुण्याचा साबण किंवा भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एखादा थेंब पुरेसा होतो आणि नंतर साबणाची चव जाईपर्यंत धुतले की काम होते. लक्ष द्यायचे ते आतल्या खोलगट बाजूकडे, जिथे ब्रश वळवून घ्यावा लागतो. दर्शनी दात घासणे सवयीने होतेच.

घरच्या काळजीचा हा विचार बराच जुना आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडी होती, ही दंतकथा खोटी आहे. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याच्या दातांचे हस्तिदंत, माणसांचे व जनावरांचे दात आणि धातू वापरलेले होते. त्यांचे न्यूयॉर्कमधील दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी डिसेंबर १७९८मध्ये त्यांना लिहिलेल्या पत्रात दुरुस्तीला आलेली कवळी काळी पडल्याचे नोंदवले, त्याचे कारण पोर्ट या मद्यात शोधले, आणि जेवणानंतर कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी व दुसरी घालावी, किंवा ब्रशने व बारीक खरवडलेल्या खडूने ती साफ करावी, असा सल्ला दिला. खडूचा भाग हस्तिदंतासाठी होता आणि ॲक्रिलिकसाठी तो सोडून द्यावा लागेल. काढणे, पाण्यात ठेवणे आणि ब्रश फिरवणे या गोष्टी मात्र सव्वादोनशे वर्षांनंतरही तशाच लागू पडतात.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या घरांत या सफाईला काही स्थानिक अडचणी येऊन मिळतात. मिश्री, म्हणजे भाजून कुटलेल्या तंबाखूची पूड, हिरड्यांना लावण्याची सवय अनेक वयस्क स्त्रियांना असते आणि दात गेल्यावरही ती सुटत नाही. पान-सुपारी आणि मळलेल्या तंबाखूची सवयही तशीच. यांचे काळे-तपकिरी डाग ॲक्रिलिकमध्ये मुरतात आणि ते काढण्यासाठी कवळी खरवडली जाते. हळदीचा पिवळेपणा, चहाचा तपकिरीपणा यांचेही तसेच.  दुसरी अडचण बोअरवेलच्या जड पाण्याची. अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरे पुट चढते. कवळीवरही लाळेतल्या क्षारांच्या जोडीने तसाच कडक थर जमतो. हा थर सुरीने, सुईने किंवा नखाने टोकरू नये. पूर्णपणे ॲक्रिलिकची कवळी असेल तर पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून त्यात ती थोडा वेळ भिजवली की क्षार मऊ पडतात व ब्रशने निघतात. तरीही न निघणारा थर दंतवैद्याकडे यंत्राने काढून घेऊन पुन्हा पॉलिश करून घ्यावा. भिजवण्यासाठी गाळलेले पिण्याचे पाणी वापरले तर पुट मुळातच कमी चढते.

भिजवण्याच्या गोळ्यांविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या या गोळ्यांत सोडा आणि सायट्रिक आम्ल असते, ज्यांच्या संयोगातून बुडबुडे निघतात, आणि त्यांच्यासोबत परसल्फेट किंवा परकार्बोनेटसारखी ऑक्सिजन सोडणारी द्रव्ये असतात, जी डाग फिकट करतात व जंतू मारतात. बुडबुड्यांचा जोर पाहून ब्रशची गरज संपली असे वाटते, पण घट्ट बसलेले जैवपटल केवळ भिजवून पुरते सुटत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ प्रॉस्थोडॉन्टिस्ट्स या कृत्रिम दंतरचनेच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली उपलब्ध संशोधन तपासून जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही रोज घासणे आणि रोज भिजवणे या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. गोळीचे पाणी तोंडात कधीही घेऊ नये, त्याने गुळण्या करू नयेत आणि भिजवलेली कवळी भरपूर पाण्याने धुतल्यावरच तोंडात घालावी. परसल्फेटची काही जणांना तीव्र ॲलर्जी येते. २००८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कारणासाठी उत्पादकांना वेष्टनावरील सूचना सुधारण्यास सांगितले होते. ज्या घरात स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती आहे, तिथे फसफसणारा पेला उशाशी ठेवणे धोक्याचे आहे, कारण ती व्यक्ती ते पाणी पिऊ शकते.

सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरगुती ब्लीच, बुरशी व जिवाणू दोन्ही मारण्यात समर्थ आहे, पण त्याचा मोह आवरावा. वरील मार्गदर्शक तत्त्वांनुसार ब्लीचच्या द्रावणात कवळी १० मिनिटांहून अधिक ठेवू नये. जास्त वेळ ठेवली तर गुलाबी रंग उडतो. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची पट्टी किंवा दातांना कवटाळणारे आकडे असलेल्या अंशतः कवळीला तर ब्लीच लावूच नये, कारण धातू गंजून काळवंडतो व कमजोर होतो. ज्यांच्या कवळीला आतून मऊ अस्तर लावलेले असते, त्यांनी कडक ब्रश, ब्लीच आणि गरम पाणी यांपैकी काहीही वापरण्यापूर्वी अस्तर लावणाऱ्या दंतवैद्याला विचारावे.

रात्रीच्या मुद्द्यावर सर्वांत अधिक विरोध होतो आणि सर्वांत अधिक आग्रह इथेच धरावा लागतो. दात नसलेला चेहरा जोडीदाराला, मुलांना, नातवंडांना दिसू नये ही भावना खरी आणि समजण्याजोगी आहे; कित्येक स्त्री-पुरुष वर्षानुवर्षे कवळी लावूनच झोपतात आणि घरातल्या कोणाला त्याची कल्पनाही नसते. परंतु झोपेत लाळ फार कमी तयार होते, गिळण्याची क्रिया मंदावते आणि कवळीखाली दाबलेल्या त्वचेला चोवीस तासांत एकदाही मोकळीक मिळत नाही. जपानमध्ये टोकियो शहरातील ८५ आणि त्याहून अधिक वयाच्या ५२४ वृद्धांचा तीन वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कवळी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक ती लावूनच झोपत होते, आणि त्यांच्यात न्यूमोनियाचा धोका कवळी काढून झोपणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळला. अशा अभ्यासातून एकच कारण सिद्ध होते असे म्हणता येत नाही, तरी जिभेवर आणि कवळीवर वाढलेले जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसासाठी न्यूमोनिया म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिले आहे त्या घराला रात्री कवळी काढण्याचे महत्त्व पुन्हा सांगावे लागत नाही. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी दिवसातून दुसऱ्या एखाद्या वेळी, खोलीचे दार लावून, काही तास तरी तोंड मोकळे ठेवावे. पण रात्रीची विश्रांतीच उत्तम. कवळी ठेवायला झाकणाची डबी असावी आणि तिच्यातले पाणी रोज बदलावे. उघड्या पेल्यातली कवळी पाळीव कुत्र्यांच्या तावडीत सापडते, आणि कागदात किंवा रुमालात गुंडाळलेली कचऱ्यात वा धुण्यात जाते.

कवळी काढल्यावर तोंडाकडेही पाहावे लागते, आणि दात नाहीत म्हणजे घासायचे काही उरले नाही, ही समजूत इथे आडवी येते. हिरड्या, टाळू आणि जीभ मऊ ब्रशने किंवा ओल्या स्वच्छ सुती कापडाने हलक्या हाताने पुसून घ्याव्यात. त्याने चिकट थर निघतो आणि हिरडीतले रक्ताभिसरणही सुधारते. अंशतः कवळी असलेल्यांचे काम दुप्पट असते. तिचे तारेचे किंवा धातूचे आकडे ज्या दातांना कवटाळतात, त्या दातांच्या कडांना अन्न अडकून कीड लागते, आणि असा आधाराचा एक दात गेला की सगळी कवळीच नव्याने करावी लागते. म्हणून आकड्यांची आतली बाजू आणि आधाराचे दात रोज निगुतीने घासावेत, त्या दातांसाठी मात्र फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट जरूर वापरावी. कवळी बोटांनी जागेवर बसवावी. वरून चावून दाबली तर आकडे वाकतात.

नव्या कवळीचे पहिले काही आठवडे कष्टाचे असतात. लाळ जास्त सुटते, ‘स’ आणि ‘श’ नीट उमटत नाहीत, एखाद्या जागी टोचून जखम होते. टोचणारी जागा दंतवैद्याने खुणेने शोधून घासून कमी करावी लागते. कानस किंवा सँडपेपरने ती घरी घासणे म्हणजे आतल्या बाजूचा अचूकपणा स्वतःच्या हाताने संपवणे. दाखवायला जाण्याच्या आदल्या दिवशी कवळी घालून ठेवली तर जखमेची खूण स्पष्ट दिसते व काम सोपे होते. जुन्या कवळीखाली झालेली, दोन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, वा हाताला लागणारी गाठ यांकडे मात्र कवळीचा टोच म्हणून दुर्लक्ष करू नये. तंबाखू, मिश्री किंवा सुपारीची सवय असलेल्या व्यक्तीच्या तोंडात अशी खूण कर्करोगाची असू शकते आणि लवकर दाखवली तर उपचार खूपच परिणामकारक ठरतो.

नीट काळजी घेऊनही कवळी कालांतराने सैल होते, यात कोणाचा दोष नसतो. दात गेल्यावर त्यांना धरणारे जबड्याचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात वेगाने आणि नंतर संथपणे, पण आयुष्यभर. आंत्ये तालग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या, पंचवीस वर्षांपर्यंत रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली होती. हाड बदलते, कवळी तीच राहते, आणि दोघांमध्ये पोकळी पडते. आजारपणात वजन बरेच उतरले तरी हेच होते. ही पोकळी दंतवैद्य रिलाइनिंग या पद्धतीने, म्हणजे आतल्या बाजूला नवा थर चढवून, भरून काढतात. बैठक फार जुनी झाली असेल तर नवी कवळी करणेच शहाणपणाचे असते. चिकटवण्याची पेस्ट किंवा पावडर तोंड कोरडे पडणाऱ्यांना उपयोगी पडते, पण दिवसेंदिवस तिचे प्रमाण वाढवावे लागत असेल तर रिलाइनिंगची वेळ झाली असे समजावे. जस्त असलेल्या पेस्टच्या अतिवापराने शरीरातील तांबे घटून हातापायांच्या नसांना इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यामुळे जस्तविरहित पेस्ट निवडावी, थोडीच वापरावी आणि रोज रात्री हिरडीवरून व कवळीवरून तिचा अंश न अंश काढावा.

कवळी मोडली की घरात लगेच फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद शोधला जातो. तो तोंडात वापरण्यासाठी बनवलेला नसतो, आणि तुकडे केसभर सरकून चिकटले तर नंतर तंत्रज्ञालाही ते मूळ जागी जुळवता येत नाहीत. सगळे तुकडे, अगदी निखळलेला एकच दातसुद्धा, गोळा करून न्यावे. दुरुस्ती बहुधा फार खर्चिक नसते. आठवडी बाजारात आणि फुटपाथवर ‘फिक्स दात’ बसवून देणाऱ्यांपासून तर निक्षून दूर राहावे. ते शेजारच्या चांगल्या दातांभोवती ॲक्रिलिक ओतून दात पक्के करतात. असे दात काढता येत नाहीत, त्यांच्याखाली ब्रश जात नाही आणि काही काळातच आधाराचे दातही हलू लागतात. गरिबीमुळे हा मार्ग पत्करणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठ नागरिकांना काठी, चष्मा आणि श्रवणयंत्राबरोबर कवळी देण्याचीही तरतूद आहे, आणि सरकारी दंत महाविद्यालयांतही कवळ्या अल्प दरात होतात. मात्र कवळीसोबत एक ब्रश, एक झाकणाची डबी आणि मराठीत दहा मिनिटांचे समजावणे दिले गेले नाही, तर दिलेले साधन वर्षभरात कपाटात पडून राहते.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा विस्मृती झालेल्या व्यक्तीची कवळी दुसऱ्याने काढावी लागते, आणि ते शिकून घेण्याजोगे कौशल्य आहे. व्यक्तीला शक्य तेवढे उठवून बसवावे, कोमट पाण्याचा घोट देऊन तोंड ओले करावे आणि काय करणार आहोत ते आधी सांगावे. वरची कवळी ओढून निघत नाही, कारण तिच्या कडेने हवा बंद केलेली असते. तर्जनी गालाच्या बाजूने कडेवर नेऊन हलकेच खाली दाबली की हवा आत शिरते व ती सुटते. खालची एका बाजूने उचलून तिरपी करून बाहेर घ्यावी. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात दाखल करताना कवळीवर नाव घालून घेतलेले असावे. हे काम दंतवैद्य आतल्या बाजूच्या ॲक्रिलिकमध्ये कायमचे करून देतात, आणि कवळ्यांची अदलाबदल किंवा हरवणे त्याने टळते. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना कवळीविषयी न विसरता सांगावे. लहान अंशतः कवळी बेशुद्धीत, फिट आल्यावर किंवा अपघातात घशात जाऊ शकते, आणि ॲक्रिलिक एक्स-रेमध्ये जवळजवळ उमटतच नाही. धातूचा आकडा नसेल तर घशात अडकलेली कवळी एक्स-रेमध्ये सापडत नाही. म्हणून कवळी वापरणाऱ्या व्यक्तीला अचानक गिळता येईनासे झाले किंवा घसा दुखू लागला आणि कवळीही जागेवर दिसत नसेल, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी कवळी नाहीशी झाल्याचे डॉक्टरांना ठामपणे सांगावे आणि दुर्बिणीने तपासणी करण्याचा आग्रह धरावा.